गाव आणि जनावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील सहवासाची व्यवस्था

नगररचनेच्या चर्चेत ‘प्राणिस्नेही नगर’ ही कल्पना अलीकडच्या काळात वारंवार पुढे येऊ लागली आहे. उपनगरातील उद्यानात कुत्र्यांसाठी राखलेली जागा, भाड्याच्या घरात मांजर पाळण्याची मुभा, जवळपास पशुवैद्याची सोय, अशा गोष्टींवरून एखाद्या नगराचे प्राणिप्रेम ठरविले जाते. या कल्पनेच्या मुळाशी एक गृहीत आहे. माणसाच्या मनात प्राण्याविषयी माया असली, की वस्तीत त्या प्राण्याला आपोआप स्थान मिळते, हे ते गृहीत होय. ते कितपत खरे आहे, हे पाहावयाचे असेल, तर जेथे माणसे आणि जनावरे शतकानुशतके एकाच गावठाणात राहत आली, अशा एखाद्या प्रदेशाकडे वळावे लागेल. तंजावरच्या परिसरातील कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याचे राज्य होते. मराठी बोलणारी कुटुंबे तेथील गावांत आणि नगरांत स्थायिक झाली. त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा प्रदेश सर्वस्वी परका नाही.

या प्रदेशाची भूरचना प्रथम लक्षात घेतली पाहिजे. कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते आणि तेथून पूर्वेस समुद्रापर्यंत नद्या, फाटे व पाट यांचे जाळे पसरले आहे. पूर्वीचा अखंड तंजावर जिल्हा आज तंजावर, नागपट्टिणम, तिरुवारूर आणि मयिलाडुदुरै या जिल्ह्यांत विभागलेला आहे. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाल्यानंतर जूनच्या मध्यास पाणी सोडण्याची प्रथा पडली. कुरुवै, सांबा आणि तालडी अशा भाताच्या हंगामांनी येथील वर्ष बांधलेले असते. पाणी आल्यापासून सांबाची कापणी होईपर्यंत बहुतेक शिवार पिकाखाली असते. दख्खनच्या पठारावर गावाभोवती माळ असतो, डोंगरउतार असतो आणि पावसाळ्यात तेथे गुरे चरू शकतात. त्रिभुज प्रदेशात असा माळ जवळजवळ नाही. जनावर मोकळे सुटले, तर ते थेट कोणाच्या तरी भातात शिरणार, हे ठरलेलेच. म्हणून येथे गुराला कोठे बांधावे, कोठे चारावे आणि त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावे, हे प्रश्न गावाला आरंभीच सोडवावे लागले.

या गरजेतून गावाच्या आखणीत जनावरांसाठी निश्चित जागा निर्माण झाल्या. कळप एकत्र उभा करण्याच्या मोकळ्या मैदानास तमिळमध्ये ‘मंदैवेळि’ म्हणतात. चेन्नईतील एका उपनगराच्या नावात हा शब्द आजही टिकून आहे, मात्र तेथे आता कळप नाही. चराईसाठी सोडलेली सार्वजनिक पडीक जमीन महसुली दप्तरात पोरंबोक म्हणून नोंदली जाई. महाराष्ट्रातील गायरानाशी तिचे साम्य स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालण्याची पद्धत दोन्हीकडे होती आणि १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने तिला एकसारखे स्वरूप दिले. घराची रचनाही याच विचाराने ठरे. रस्त्याच्या बाजूस तिण्णै, म्हणजे ओटा. आत मुट्रम्, म्हणजे चौक. मागे कोल्लै, म्हणजे परसू. आणि त्या परसात कोट्टिल, म्हणजे गोठा. मराठी वाचकाला ओटी, माजघर, परसू आणि गोठा हा क्रम येथे सहज ओळखता येईल. पिकांचा कोंडा, भाताची पेज व वैरण गोठ्याकडे जाई आणि गोठ्यातील शेण व खत शेताकडे. तिण्णैखाली पडून राहणारा कुत्रा मात्र या हिशेबात नव्हता. उरलेल्या अन्नावर तो जगे आणि रात्री भुंकून आपला वाटा फेडी.

जनावराचे हे स्थान केवळ रूढीवर सोडलेले नव्हते, ते लेखनिविष्टही केले जाई. याचा सर्वांत ठळक पुरावा तंजावरच्या राजराजेश्वर मंदिरातील शिलालेखांत आढळतो. पहिल्या राजराज चोळाने बांधविलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. मंदिरातील नंदादीप अखंड तेवत ठेवण्यासाठी जनावरांचे दान दिले जाई. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी असे प्रमाण होते. हे कळप नाव घेऊन नेमलेल्या मेंढपाळांकडे आणि गुराख्यांकडे सोपविले जात. प्रत्येक दिव्यामागे रोज एक उळक्कु तूप मंदिरास पोचविणे, हे त्यांचे कर्तव्य असे, आणि तूप मोजण्यासाठी देवाच्या नावाचे ‘आडवल्लान’ हे माप ठरवून दिलेले होते. चोळकालीन दानलेखांत अशा मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे विशेषण लावलेले आढळते. त्याचा अर्थ चमत्काराशी जोडण्याचे कारण नाही. कळपातील मेंढी मेली किंवा थकली, तर तिच्या जागी नवी पिल्ले येतात आणि ९६ ही संख्या कायम राहते. जनावर नश्वर असले, तरी त्याच्याविषयीची जबाबदारी नश्वर नाही, असा तो व्यवहार होता.

या दानलेखांतून तीन घटक स्पष्टपणे वेगळे काढता येतात. पहिला घटक जागेचा आहे, कारण कळपाला चराईची सोय असल्याखेरीज दान निरर्थक ठरते. दुसरा घटक माणसाचा आहे. कळप कोणाच्या हाती आहे, हे नावानिशी नोंदविलेले असे. तिसरा घटक बंधनाचा आहे. रोज किती तूप, कोणत्या मापाने आणि कोणाला, हे आधीच ठरलेले असे. पाळीव जनावराचे वस्तीतील स्थान या तीन आधारांवर उभे होते. माया त्यात नव्हती, असे म्हणता येणार नाही, परंतु व्यवस्थेची भिस्त मायेवर नव्हती.

जनावराला दाद मागण्याचा अधिकार आहे, ही कल्पनाही याच भूमीत रुजली. तिरुवारूरच्या मनुनीती चोळ राजाची कथा सर्वश्रुत आहे. राजपुत्राच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. त्याच्या आईने राजवाड्यावरील न्यायाची घंटा वाजविली. राजाने चौकशी करून, वासराला मिळाले तेच मरण आपल्या मुलाला द्यावयाचे ठरविले. या कथेचा उल्लेख शिलप्पदिकारम् या प्राचीन काव्यात आहे आणि बाराव्या शतकातील पेरियपुराणातही ती येते. तिरुवारूरच्या मंदिरापाशी या प्रसंगाचे स्मरण देणारा दगडी रथ आहे. कथेचा ऐतिहासिक आधार शोधणे येथे अभिप्रेत नाही. रस्त्यावर वाहन चालविणाऱ्याची जबाबदारी वासराच्या बाबतीतही संपत नाही, हे तत्त्व लोकमानसात एवढ्या उंचीवर नेऊन ठेवलेले होते, एवढे येथे पुरेसे आहे.

भोसले राजवटीत या परंपरेला विद्येची जोड मिळाली. दुसरे सरफोजी महाराज (मृत्यू १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोठा विस्तार केला. पालकाप्य मुनींच्या नावावरील गजशास्त्र आणि नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्र या विषयांची हस्तलिखिते तेथे जतन झाली, आणि पुढे ग्रंथालयाने अश्वशास्त्र १९५२ मध्ये व गजशास्त्र १९५८ मध्ये सचित्र स्वरूपात प्रकाशित केले. जनावरांची लक्षणे, त्यांचा आहार, त्यांचे रोग आणि त्यांवरील उपचार यांचा या शास्त्रांत विचार केलेला आहे. सरफोजींच्या धन्वंतरी महालात माणसांप्रमाणेच जनावरांसाठीही औषधे तयार होत, असे परंपरेने सांगितले जाते. महाराजांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली होती आणि त्यांपैकी काही चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांची व्यवस्था समजावून देताना १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंटास जे पत्र लिहिले, त्यात छत्रात वैद्याबरोबरच सर्पादिकांच्या विषावर उपाय जाणणारा मनुष्यही ठेवलेला असल्याचा निर्देश आहे. भातशेतीच्या प्रदेशात साप हाही वस्तीचा एक न टाळता येणारा शेजारी आहे, याची जाणीव त्या नेमणुकीत दिसते.

अर्थात राजाचे हत्ती-घोडे ही एक बाजू झाली. सामान्य शेतकऱ्याच्या जीवनात मध्यवर्ती स्थान होते ते बैलाचे. नागपट्टिणम जिल्ह्यातील उंबळाचेरी या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गुरांची जात ही त्रिभुज प्रदेशाचीच निर्मिती म्हणावी लागेल. महाराष्ट्रातील खिल्लार बैल उंच, लांब शिंगांचा आणि कोरड्या वाटेवर वेगाने चालणारा. उंबळाचेरी बैल याच्या उलट, बुटका, आटोपशीर बांध्याचा आणि गुडघाभर चिखलात दिवसभर ओढ देणारा. या जातीची वासरे जन्मतः तांबूस असतात. कपाळावर, पायांवर आणि शेपटीवर पांढऱ्या खुणा असतात, आणि वय वाढेल तसा अंगाचा रंग करडा होत जातो. काम करणाऱ्या बैलांची शिंगे काढून टाकण्याची रूढी येथे होती. त्यामुळे या गुरांना ‘मोट्टै माडु’, म्हणजे बोडके गुरू, असेही म्हणतात. कानांना विशिष्ट आकार देण्यासाठी ते कापण्याचीही प्रथा होती. माट्टुपोंगलच्या दिवशी, आपल्याकडील पोळ्याप्रमाणे, याच गुरांना न्हाऊ घालून, हार घालून त्यांची पूजा केली जाई. पूजा आणि वेदना या दोन्ही गोष्टी एकाच गोठ्यात नांदत होत्या. जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना ही दुसरी बाजू झाकता कामा नये.

बाहेरून येणाऱ्या जनावरांसाठीही गावात जागा होती. सांबाची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकली, की रामनाथपुरम्, शिवगंगै यांसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून मेंढपाळ आपले कळप घेऊन येत. या मेंढपाळांच्या प्रमुखाला ‘कीदारी’ म्हणतात. रात्री कळप एखाद्याच्या शेतात बसविला जाई. यास ‘किडै’ असे नाव आहे. महाराष्ट्रात धनगरांची मेंढरे शेतात बसविण्याची जी पद्धत आहे, तीच ही. शेताला लेंडीखत मिळे, मेंढपाळाला धान्य किंवा पैसा मिळे आणि कळपाला धसकटे व बांधावरचे गवत मिळे. सांडलेले भाताचे दाणे आणि गोगलगायी वेचण्यासाठी बदकांचे थवेही कापलेल्या शेतांतून फिरविले जात. पुढचे पाणी येण्यापूर्वी हे पाहुणे परत जात. पाहुण्या जनावराला मुदत होती, मोबदला होता आणि त्याचा सांभाळ करणारा माणूस त्याच्यासोबत होता. वर सांगितलेले तिन्ही घटक येथेही उपस्थित होते.

परंतु या व्यवस्थेचा विचार जनावरापाशी थांबवला, तर तो अपुरा राहील. गोठा झाडणारे, वैरण वाहणारे, गुरे राखणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न विचारावाच लागतो. त्रिभुज प्रदेशात हे काम बहुतांशी ‘पण्णैयाळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतमजुरांकडे होते, आणि त्यांत दलित कुटुंबांची संख्या मोठी होती. जमीनदाराच्या घरामागे गुराला पक्का गोठा होता. त्या गुराची सेवा करणाऱ्या मजुराची झोपडी मात्र जमीनदाराच्याच जमिनीवर, त्याच्या मर्जीवर उभी असे. मजुरीची मागणी केली, तर झोपडी गमावण्याची भीती असे. १९५२ मध्ये तंजावरच्या कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला. २५ डिसेंबर १९६८ रोजी नागपट्टिणमजवळील कीळवेण्मणी या गावी, मजुरीच्या वादाच्या पार्श्वभूमीवर, ४४ दलित स्त्री-पुरुष व मुले एका झोपडीत जाळली गेली. त्यानंतर १९७१ मध्ये तामिळनाडूच्या विधिमंडळाने ‘कुडियिरुप्पु’, म्हणजे राहत्या झोपडीखालच्या जागेची मालकी मजुरांना देणारा कायदा केला. ज्या गावाने गाईसाठी गोठ्याची जागा कधीच नाकारली नाही, त्या गावात गुराख्याला आपल्या घराखालची जमीन मिळण्यास १९७१ उजाडावे लागले. जनावरांशी स्नेह ठेवणारे गाव माणसांशीही स्नेहाने वागतेच, असे समजण्यास हा इतिहास आधार देत नाही. प्राण्याचा सांभाळ ज्या श्रमांवर चालतो, त्या श्रमिकाचे स्थान अनिश्चित ठेवून उभारलेली व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जुनी घडी विसकटली. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आले व बैलाचे नांगरणीचे काम कमी झाले. कापणी-मळणी यंत्राने भाताचा लांब पेंढा राहिला नाही, म्हणून गंजी रचणेही कमी झाले. रासायनिक खतांमुळे शेणखताची निकड उरली नाही. सार्वजनिक चराऊ जागांवर घरे आणि रस्ते आले. जो बैल कामाच्या मोबदल्यात जागा मिळवीत होता, त्याचे कामच गेल्यावर जागेचा आधारही गेला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गुरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे, तर संकरित व विदेशी गुरांची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. उंबळाचेरीसारख्या जातीचे जतन आता तिरुवारूर जिल्ह्यातील कोरुक्कै येथील सरकारी पशुपैदास केंद्रासारख्या ठिकाणी करावे लागते. दूध अधिक देणारी गाय गोठ्यात टिकते. ओढकामासाठी घडलेली जात मात्र माया असूनही मागे पडते.

सांभाळ करणारा सुटला, की पाळीव प्राण्याचे काय होते, याचे उदाहरण याच किनाऱ्यावर कोडियक्करै येथे पाहावयास मिळते. १९६७ मध्ये तेथे मुख्यतः काळविटांच्या रक्षणासाठी अभयारण्य स्थापन झाले. त्या गवताळ भूमीत एकेकाळच्या पाळीव घोड्यांची रानटी झालेली संतती राहते. ते तट्टू पर्यटकांना मोहक वाटतात, पण काळविटांच्या चाऱ्यावर त्यांचा भार पडतो. ते ना घरचे राहिले, ना खऱ्या अर्थाने वनाचे झाले.

आजच्या नगरांतील भटक्या कुत्र्याची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. तमिळ प्रदेशातील राजपाळैयम्, चिप्पिपारै, कोंबै या नामांकित जाती दक्षिणेकडील कोरड्या जिल्ह्यांतील आहेत. त्रिभुज प्रदेशातील कुत्रा हा अनामिक गावकुत्रा होता. गाव लहान असताना त्याला ओळखणारी गल्ली होती. नगर वाढले, तिण्णै गेली, कुंपणाच्या भिंती आल्या आणि त्याची ओळख पुसली गेली. उरला तो उकिरडा, आणि त्याच्याबरोबर पिसाळण्याच्या रोगाचे भय. हे भय खरे आहे. १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था स्थापन झाली, तेव्हा दक्षिणेतील लोकांना या रोगावरील लशीचा उपचार प्रथमच तुलनेने जवळ आला. तरीही त्रिभुज प्रदेशातील माणसाला त्यासाठी निलगिरी गाठावी लागे. आता लस सर्वत्र पोचू शकते, परंतु चावलेल्या मुलाला ती वेळेवर मिळाली नाही, तर रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. ज्या मातेला मुलाला अंगणात सोडण्याची धास्ती वाटते, तिला प्राणिप्रेमाचा उपदेश करून भागणार नाही.

कायद्याचा प्रवासही या दृष्टीने बोधप्रद आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांचे पर्यवसान १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात झाले. तामिळनाडूत १९९७ मध्ये नागरी भागात पशुपक्षी पाळण्याचे नियमन करणारा कायदा झाला. २००१ मध्ये कुत्र्यांच्या प्रजननाच्या नियंत्रणाचे नियम आले. २०२३ च्या नव्या नियमांनी भटक्या कुत्र्याला ‘समाजाचा प्राणी’ मानून, त्याला खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरविण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थांवर व स्थानिक संस्थांवर टाकली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता, निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडावेत आणि खाऊ घालण्यासाठी प्रभागवार जागा ठरवाव्यात, असा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या आवारांतून कुत्रे हलविण्याचे निर्देश न्यायालयाने दिले. म्हणजे वाद पुन्हा त्याच तीन प्रश्नांपाशी येऊन ठेपला. जागा कोणती, माणूस कोण आणि बंधन काय?

तंजावर नगरपालिकेचे २०१४ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. कोणत्याही वाढत्या नगराप्रमाणे येथेही भातशेतीच्या कडेने नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. तेथून काही कोसांवर ओरत्तनाडु हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजींनी तेथे मुक्तांबाळ छत्र उभारले, आणि २०१२ मध्ये त्याच गावी पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ज्ञानाची परंपरा खंडित झालेली नाही, असे यावरून म्हणता येईल. उणीव आहे ती व्यवस्थेची. नव्या वसाहतीच्या नकाशात वाहनतळ असतो, पण प्राण्यासाठी जागा नसते. कुत्र्याला भाकरी घालणारे पुष्कळ असतात, पण त्याच्या लशीची नोंद ठेवणारा कोणी नसतो. नोंद ठेवणारा नेमला, तरी त्याचे वेतन आणि निवारा यांचा विचार होत नाही.

हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेल्या त्या लेखांत एका दिव्याचे तूप आणि ९६ मेंढ्यांची जबाबदारी नावानिशी बांधलेली होती. आजच्या नगराला प्राण्यांशी स्नेह जोडावयाचा असेल, तर भावनेचे प्रदर्शन करण्याआधी त्याने असाच एखादा लेख आपल्या दप्तरात लिहिला पाहिजे. त्यात प्राण्याची जागा लिहावी, त्याची लस लिहावी, आणि त्याची काळजी घेणाऱ्या माणसाचे नाव लिहिताना त्याच्या हक्काच्या घराचीही नोंद करावी. जुन्या तंजावरने यांतील पहिल्या दोन गोष्टींचे महत्त्व ओळखले होते. तिसरी गोष्ट त्याच्याकडून राहून गेली, आणि तिची किंमत फार मोठी ठरली.